चौथाई वजा

गुरुवारी दुपारी मुक्ताआत्या भूमच्या पंचायत समितीत आली आणि तिनं माझ्या टेबलावर कापडी पिशवी आदळली. पिशवीत तीन वह्या, बँकेचं पासबुक आणि सुतळीनं बांधलेली बिलं. सगळे कारकून माना वर करून बघायला लागले. ऑफिसात नातेवाईक आलेलं मला आवडत नाही. त्यातून आत्याचा जन्म खडीच्या आवाजात गेलेला, तिचं कुजबुजणंसुद्धा फाटकापर्यंत ऐकू जातं.

"आबा, कंपनी इकायची का ठिवायची, तेवढं सांग," ती म्हणाली. "रव्वारी मीटिंग हाय."

"आधी बस तर."

"बसून काय करू? कल्याणप्पा गुत्तेदार शेरला चौदा रुपय देतोय. आपला शेर धाचा. निम्म्याच्या वर शेर मिळाले तर घेतो म्हनला, न्हायतर रव्वारनंतर लोहाऱ्याला परत जातो. बाया म्हनत्यात, आबारावाला इचारा. आबाराव म्हनंल तसं."

आबाराव म्हणेल तसं!

मी तेव्हा लेखा शाखेत होतो. बी.कॉम. झालेला, आमच्या घराण्यात खुर्चीवर बसणारा पहिला. ग्रामपंचायतींचे हिशेब तपासायचे आणि लाल पेन्सिलीनं चुकांभोवती गोल काढायचे, हे माझं काम. ते करताना मला कधी भीती वाटली नाही. दुसऱ्याची चूक काढण्यात आपल्या बापाचं काय जातं? पण इथं बेचाळीस बायकांनी आपली पुंजी उचलून माझ्या टेबलावर ठेवली होती आणि मला खुणा करायच्या नव्हत्या, निकाल द्यायचा होता.

ती कंपनी म्हणजे एक अजब प्रकरण होतं. बाहत्तरच्या दुष्काळात खडकेवाडीच्या बायकांनी सरकारी कामावर खडी फोडली. पुढं पाऊस झाला, कामं बंद झाली, पण हातांना सवय लागली होती आणि गावामागचा काळा खडक काही कुठं पळून जाणार नव्हता. म्हणून त्या मजूर सहकारी संस्था काढायला निघाल्या. तो जमानाच तसा होता. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याच्या नावावर एक संस्था. पण तालुक्यात एक मजूर संस्था आधीच होती आणि तिच्या चेअरमनला दुसरी नको होती. अर्ज तीनदा परत आला. शेवटी उस्मानाबादच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या विरुपाक्ष नावाच्या म्हाताऱ्या अर्जनविसानं सांगितलं, "संस्था देत न्हाईत ना? मग लिमिटेड कंपनी काढा. तिला चेअरमनची चिठ्ठी लागत न्हाय."

काढली की हो त्यांनी! आमच्या बौद्धवाड्यातल्या आणि वरच्या धनगरवस्तीतल्या मिळून बेचाळीस जणी. दहा रुपयांचे अडीच हजार शेअर. खाणीचा पट्टा सरकारकडून, खडी करायचं जुनं क्रशर बार्शीहून आणि त्याला एक धडधडणारं इंजिन. पत्र्याच्या शेडमध्ये एका खांबावर बाबासाहेबांचा फोटो आणि दुसऱ्यावर हरणाबाईनं लावलेला बिरोबा. बारा वर्षं धंदा चालला. आत्यानं पोटाला चिमटा घेऊन घेऊन दोनशे शेअर जमवले होते. तिला ना मूल ना बाळ. म्हातारपण काढायचं ते त्या दोनशे शेअरवर.

पण शहाऐंशी साल वाईट होतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. रस्त्यांचा पैसा टंचाईच्या कामांकडे वळला आणि कंपनीची खडी कुणी विचारेना. ढीग नुसते वाढत चालले होते. जुनी बिलं अडकली होती. अशा वेळी चौदा रुपये म्हणजे रोख पैसा. न विकता कंपनी बुडाली, तर शेअरचे कागद चुलीत घालायच्या लायकीचे. विकली, तर खाण लोहाऱ्याच्या त्या कंत्राटदाराची, कल्याणप्पाची. तो मोठी यंत्रं आणणार, आपली माणसं आणणार, आणि यातल्या ज्या चार-दोन जणी कामाला राहतील त्या पुन्हा दुसऱ्याच्या हजेरीपटावर. म्हणजे बारा वर्षांपूर्वी होत्या तिथंच.

"आत्या, मला दोन दिवस दे," मी म्हणालो.

"शनवारी ये वाडीला," ती म्हणाली आणि पिशवी तिथंच ठेवून गेली.

नोकरीच्या सुरुवातीला मी सिद्धेश्वरअप्पा नावाच्या एका जुन्या ऑडिटरच्या हाताखाली शिकलो. तंबाखू मळत मळत तो माणूस जे सांगायचा, ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. तो म्हणायचा, "कंपनी केवढ्याची हे बघायचं आसंल तर ती उद्या सकाळी बंद पडली आसं धर. रोकड पुरी धर. लोकांकडलं येणं पाऊण धर. माल निम्म्या भावानं. यंत्र भंगाराच्या भावानं. आशा शून्य. देणं मात्र शेवटच्या पैशापतूर. येवढं करून जे उरंल ती कंपनी. त्याच्या खाली कुणी भाव दिला तर त्यो तुला लुटतोय, आणि वर दिला तर घे आणि गप घरी जा."

मी तसंच केलं. शुक्रवारी रजा टाकली आणि वह्या घेऊन घरीच बसलो. बँकेत नऊ हजार दोनशे रुपये होते, ते पुरे धरले. अडकलेली बिलं चोवीस हजारांची, त्यांचे पाऊण म्हणजे अठरा हजार. क्रशर आणि इंजिन वहीत अडतीस हजारांचं होतं. मी भंगारवाल्याच्या नजरेनं आठ हजार धरले. खाणीचा पट्टा अजून आठ वर्षांचा होता, पण ती आशा. शून्य.

राहिली खडी. वहीत साठा लिहिला होता सहाशे ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि खाणीवरचा भाव ब्रासला साठ रुपये. इथं माझा हात थांबला. वहीतला सहाशेचा आकडा जसाच्या तसा धरायला माझं मन घेईना.

त्याला कारण होतं. बाहत्तरला मी बार्शीला कॉलेजात होतो आणि सुट्टीत कामावर हजेरी मांडायला बसायचो. आठवडाभर बायकांनी फोडलेल्या खडीचा ढीग मोजला जायचा तेव्हा मुकादम वेताची काठी ढिगात खुपसायचा, "आत पोकळ हाय" म्हणायचा आणि मापातून चौथाई कापायचा. ढीग कितीही दाबून रचलेला असो, चौथाई गेलीच. आत्या त्याच्याशी भांडायची, तेव्हा तो अजून एक मूठ कापायचा. ते पैसे कुणाच्या खिशात गेले हे सांगायला नको. पण ते बघून बघून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. खडीचा ढीग म्हटला की आत पोकळी असते आणि शहाण्यानं चौथाई वजा करावी.

मी केली. सहाशेचे साडेचारशे ब्रास. साठ रुपयांनी सत्तावीस हजार. त्याचे निम्मे साडेतेरा हजार. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार सातशे झाले. त्यातून बँकेचं कर्ज, सरकारची थकलेली रॉयल्टी आणि बायकांची मजुरी मिळून वीस हजार दोनशे देणं वजा. उरले साडेअठ्ठावीस हजार. भागिले अडीच हजार शेअर.

अकरा रुपये चाळीस पैसे.

तीनदा बेरीज केली. प्रत्येक वेळी अकरा चाळीसच. कल्याणप्पा चौदा देत होता. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! आकड्यानं निकाल दिला होता, माझ्यावर काहीच नव्हतं. माझी बायको पुतळाबाई भाकरी वाढताना म्हणाली, "आज तोंडावर जरा रंग दिसतोय."

शनिवारी मी खडकेवाडीला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये बायका जमल्या होत्या. मी सगळा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणालो, "अकराचा माल आहे, चौदा मिळताहेत. माझ्या मते विकावं."

बाहेर इंजिन बंद होतं आणि त्या शांततेची त्यांना सवय नव्हती.

"खडी किती भावानं धरलीस?" आत्यानं विचारलं.

"निम्म्या. अप्पांची रीतच आहे ती."

"बरं." तिनं मान हलवली. माप काय धरलं, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वाचताना मी "खडी साडेतेरा हजार" एवढंच म्हणालो होतो.

धनगरवस्तीतल्या हरणाबाईकडे शंभर शेअर होते. तिनं हात जोडून बिरोबाकडे बघितलं. "सुटलो बाई. म्हयनाभर मेंढरं पाल्यावर जगीवली. चौदाशे आलं तर कडबा घिऊन टाकीन." तिच्या शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. आत्या हसली नाही, पण तिनंही हूं म्हटलं. आबाराव म्हणेल तसं.

रविवारी सकाळी मी आठच्या एसटीनं वाडीला उतरलो. मीटिंग अकराला होती. कल्याणप्पाची जीप आधीच खाणीवर उभी होती आणि त्याचा मुनीम नागप्पा टेप घेऊन ढीग मोजत होता. खरेदी करायच्या आधी माल मोजणं रास्तच होतं. मी सहज त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. नागप्पा गप्पिष्ट माणूस. शेवटच्या ढिगाची लांबी-रुंदी वहीत उतरवून त्यानं बेरीज मारली.

"आठशे भरलं साहेब," तो म्हणाला. "वर दोन-तीन ब्रास आसंल, ते सोडलं."

"सहाशे," मी म्हणालो. "वहीत सहाशे आहे."

"वहीत आसंल. हितं आठशे हाय." तो हसला. "तुमच्या बायांचं माप लई इमानदार. म्या वीस वर्सं ह्या धंद्यात हाय, मालकानं सोताचा माल कमी लिवलेला पयल्यांदाच बघतोय."

मी शेडकडे जवळजवळ पळत गेलो. आत्या सतरंजी झटकत होती.

"आत्या, वहीत खडी लिहिता ती कशी लिहिता?"

"कशी म्हंजी? मोजून."

"मोजून तशीच लिहिता?"

"तशी कशी? चौथाई काढून शाळंच्या पोरांकडनं लिवून घेतो." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो हे विचारलं होतं. "मुकादम आमाला पोकळ म्हनायचा. तवाच ठरीवलं, आपली खान झाली की आपनच चौथाई काढायची. टरक भरला की वर शीग आलीच पायजे. कुन्या मायच्या लालानं म्हनू नये की ह्या बायांचं माप खोटं हाय. बारा वर्सं झाली, कुनी म्हनलं न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय हे?"

मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत मी त्या खाणीवर कितीदा गेलो होतो? दिवाळीला, भीमजयंतीला. चहा पिऊन परत. मुकादमानं ज्या काठीनं त्यांना नागवलं, तीच काठी त्यांनी हातात घेऊन आपल्याच मापाला लावली होती, अब्रूसाठी. आणि तीच काठी मी शुक्रवारी घरी बसून, पंख्याखाली, त्यांच्या ढिगात दुसऱ्यांदा खुपसली होती.

मी खडीच्या ढिगाआड बसून तळहातावर पेनानं हिशेब केला. आठशे ब्रास. साठ रुपयांनी अठ्ठेचाळीस हजार, निम्मे चोवीस हजार. शुक्रवारी धरले होते साडेतेरा. साडेदहा हजारांचा फरक. साडेअठ्ठावीसमध्ये साडेदहा मिळवले की एकोणचाळीस हजार. भागिले अडीच हजार. पंधरा रुपये साठ पैसे.

आणि हे सगळं कापून-छाटून. खडी निम्म्या भावानं, क्रशर भंगारात, पट्टा शून्य. म्हणजे कंपनी आज मोडून बाजारात विकली तरी शेअरला पंधरा साठ हातात येणार होते आणि कल्याणप्पा ती जिवंत, चालती, चौदाला नेत होता. अप्पांच्या भाषेत, तो लुटत होता. पण त्यानं काही फसवलं नव्हतं. त्याला लुटायला मोकळी वाट मी करून दिली होती.

एक मन म्हणत होतं, गप बस. चौदाही काही वाईट नाहीत, दहाचे चौदा झालेच की. कुणाला कळणार आहे? दुसरं मन म्हणत होतं, अरे, आत्या आहे ती. माझी फी भरायला तिनं गळ्यातली पोत मोडली होती. मी उठलो. एवढं श्रेय मला द्या, मी उठलो.

अकराला शेड भरली. कल्याणप्पा खुर्चीवर बसला होता, पांढराशुभ्र, कपाळाला विभूती, बोलायला गोड. ट्रान्स्फरचे फॉर्म आणि शाईचा पॅड टेबलावर होता. हरणाबाई पहिल्या रांगेत.

"थांबा," मी म्हणालो. "माझी चूक झाली. काल सांगितलं ते चुकलं."

सगळं सांगितलं मी. चौथाई दोनदा कापली गेली ते, आठशे ब्रासचं, पंधरा साठचं. ऑफिसात मी भल्याभल्यांच्या वहीवर लाल गोल काढले होते. स्वतःभोवती गोल काढायची ही पहिलीच वेळ.

एकदम गलका झाला.

"काल अकरा, आज पंधरा!" हरणाबाई उभी राहिली. "आबाराव, उद्याचं पन आत्ताच सांगून टाक की! म्हंजी परत जमायला नको." शेड हसली. तिचं काय चुकलं? तिच्या मेंढरांना कालच्या आकड्यानं चारा मिळणार होता, आजच्या आकड्यानं नाही.

"कल्याणप्पा, पंधरा साठ द्या," मी म्हणालो.

"साहेब, चौदाच्या वर पै न्हाय." तो जराही तापला नाही. "तुमची खडी आठशे आसंल. घेनार कोन? बिलं कवा निघनार? पाऊस कवा पडनार? ह्याचं उत्तर तुमी देता का? अक्कांनो, माझी जबरदस्ती न्हाय. म्या तासभर हाय हितं."

"त्या सगळ्याचं कापून झालंय!" मी ओरडलो. "बिलं पाऊणच धरलीत. खडी निम्म्यानं धरलीय. घाबरून घाबरूनच काढलाय आकडा, तरी पंधराच्या वर येतोय!"

माझा शब्द कुणाच्या कानात शिरत नव्हता. निम्म्या बायका फॉर्मकडे बघत होत्या, निम्म्या आत्याकडे. तेव्हा आत्या उठली. ती हळू बोलली, आयुष्यात पहिल्यांदा.

"आबा, माझे दोनशे शेर हायेत. पंधराचा माल हाय म्हनतोस. तू मला चौदा दे. तू घे."

"काय?"

"कल्याणप्पा देतोय तेवढंच दे. वर काय नको. तुला साठ आणं... काय ते, सव्वा-दीड रुपया फायदाच हाय शेरला. तू घेतलास तर आमाला कळंल, आकडा खरा हाय. मंग कुनीबी इकत न्हाय. आगं, कुनी इकंल का, सांगा?"

"आबारावानं पैसं घातलं तर म्या पन न्हाय इकत," हरणाबाई म्हणाली. हसत नव्हती आता. "मेंढरं जगवीन कशीबी."

दोनशे शेअरचे दोन हजार आठशे. माझे पोस्टात चार हजार शंभर होते. पुतळाबाईनं आणि मी सहा वर्षं साठवलेले, भूममध्ये प्लॉट घ्यायला. पैसे होते. सोमवारी दहाला पोस्ट उघडलं की काढता आले असते. आकडा बरोबर होता. मीच काढला होता, मीच तपासला होता, आणि चूक सापडल्यावर तो आणखी पक्का झाला होता.

आणि तरी माझ्या डोळ्यांपुढं काय काय यायला लागलं! बिलं निघालीच नाहीत तर? तिसऱ्या वर्षीही पाऊस नाही आला तर? क्रशर मोडलं, रॉयल्टीची जप्ती आली, तर प्लॉट गेला. पुतळाबाईला काय सांगू? या प्रत्येक भीतीचे पैसे मी आधीच कापून टाकले होते, कागदावर एक-एक करून. पण कागदावर भीती कापली म्हणून ती छातीतून जात नाही, हे सिद्धेश्वरअप्पांनी मला सांगितलं नव्हतं. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. हरणाबाईच्या मांडीवरचं नातवंड रडायला लागलं आणि तिनं ते शेजारणीकडे दिलं.

"आत्या," मी म्हणालो, "सरकारी नोकराला असे शेअर घ्यायचे म्हणजे वरून परवानगी लागते. अर्ज करावा लागतो. असं लगेच नाही..."

तसा नियम होताही. एक साधा अर्ज टाकला असता तर आठवड्यात काम झालं असतं. "घेतो, अर्ज टाकतो" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ते म्हणालो नाही.

"बरं," आत्या म्हणाली.

ती टेबलाजवळ गेली, पॅडवर अंगठा दाबला आणि फॉर्मवर उठवला. मग पदराला पुसला. तिच्यामागं हरणाबाई, हरणाबाईमागं बाकीच्या. तासाभरात दोन हजार तीनशे शेअर गेले. उरल्या दोन-तीन जणी बाहेरगावी होत्या म्हणून उरल्या. कल्याणप्पानं रोख मोजून दिले, एकीलाही एक पैसा कमी दिला नाही. पुढं दिवाळीच्या आत अडकलेली बिलं निघाली आणि पाझर तलावाच्या रस्त्याला आठशेच्या आठशे ब्रास खडी पूर्ण भावानं उठली. पण ते पुढचं. त्या दुपारी कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हेच माझं निमित्त होतं.

परतीची गाडी चारची होती. आत्या मला सोडायला फाट्यापर्यंत आली. वह्या कल्याणप्पाकडे गेल्यानं तिची पिशवी रिकामी झाली होती, ती घडी करून तिनं काखेत धरली होती. वाटेत ती पाऊसपाण्याचं बोलली, पुतळाबाईची तब्येत विचारली. एकही वाकडा शब्द नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाच राहवेना.

"आत्या, आकडा बरोबर होता गं," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो. पंधरा साठ. पुन्हा कुणालाही तपासायला दे."

"आसंल की," ती म्हणाली. "तू एवढा शिकलेला. आकडा चुकीचा हाय आसं म्या कुटं म्हनलं?"

"मग अंगठा का दिलास?"

तिनं रस्त्याकडे बघितलं. गाडीचा धुरळा लांबवर दिसायला लागला होता.

"आमाला आकडा काय वाचता येतो का बाबा?" ती म्हणाली. "आमी समद्या तुज्या तोंडाकडं बघत व्हतो."

गाडी आली. मी चढलो, आत्या उभी होती त्या बाजूच्या खिडकीशी जागा मिळाली, पण मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.